गाडीवरचा वस्ताद

माझ्या पुतणीला मी पळायला शिकवलं ते मोटारसायकलवर बसून. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि हसू ओसरलं की पुढचं लिहवत नाही. म्हणून हसतोय तोवरच पटापट सांगून टाकतो.

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. कुंडलच्या आसपासची काही गावं माझ्याकडं. उसाच्या नोंदी घ्यायच्या, बेणं कुठलं लावलंय ते बघायचं, शेतकऱ्यांना खतापाण्याचं ज्ञान पाजायचं आणि तोडीच्या दिवसांत त्यांच्या शिव्या खायच्या, असं कामाचं स्वरूप. हे सगळं गाडीवर. बांधापर्यंत गाडी, रुंद असेल तर बांधावरूनही गाडी. घरापासून हाकेच्या अंतरावर चहाची टपरी आहे, तिथंही गाडीच. बायको म्हणते, "घरात चालत फिरता त्ये दारं बारकी हायत म्हनून."

तसं आमचं घर फौजीचं. आजोबा फौजेत होते, वडील होते, थोरला भाऊ अजून आहे. मी एकटा कारखान्यात. तरुणपणी साताऱ्याला भरतीला गेलो होतो मीही. तिथल्या मैदानावर पहिल्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढं होतो, ही गोष्ट मी आजवर लग्नात, बारशात, तेराव्यात, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं सांगितली आहे. पुढच्या फेऱ्यांचं काय झालं असं कुणी विचारलं, की मी उसाच्या लागणीवर बोलायला लागतो.

पुतणी म्हणजे या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ कायम लांबच्या पोस्टिंगवर, त्यामुळं वहिनी आणि ती आमच्याच घरात. मला ती तात्या म्हणते. अंगानं काटक, तोंडानं तिखट. शाळेत होती तेव्हापासून तिला पोलिसात जायचं होतं. आधी एकदा प्रयत्न करून झाला होता. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. गणितं ती भाकऱ्या थापता थापता सोडवायची. अडायचं ते मैदानात. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, आणि निम्मं अंतर झालं की तिचा दम तुटायचा. मागच्या खेपेला तिथंच तिचे मार्क गेले आणि थोडक्यात हुकली. मग मधली काही वर्षं आमच्या जिल्ह्याजवळ जागाच निघाल्या नाहीत. शेवटी निघाल्या त्या साताऱ्याला, तेव्हा ती वयाच्या अटीत बसत होती, पण अगदी काठावर. पुढची जाहिरात येईपर्यंत ती अटीबाहेर जाणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी तोंडानं बोलत नव्हतं एवढंच.

भावाचा फोन आला. "तिची तयारी करून घे रं. दम कमी पडतुया तिचा. मी काय हितनं बघू शकतोय? तुला कळतंय की पळन्यातलं."

पहिल्या फेरीत पुढं असलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगानं कालवा जातो. कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट आहे, थोडा मुरमाचा, पुढं डांबरी. फटफटलं की आम्ही तिथं. ती बूट बांधायची आणि मी गाडीला किक मारायचो. पद्धत माझी स्वतःची होती. गाडीचा काटा एका आकड्यावर धरायचा आणि तिनं गाडीच्या बरोबर राहायचं. मागं पडली की हॉर्न. आणखी मागं पडली की ओरडणं. रोज शेवटचा दम निघेपर्यंत. खाडा नाही. तालमीतली म्हातारी माणसं म्हणतात, एक दिवस खाडा केला की आठ दिवस मागं जातो. ते वाक्य मी तिला रोज ऐकवायचो. मी स्वतः तालमीत कधी गेलो असेन तर तो कुंडलच्या कुस्ती-मैदानाच्या आदल्या दिवशी पैलवान बघायला.

गाडीलाही इतकं हळू चालायची सवय नव्हती. ती गचके खायची, गरम व्हायची. गाडी गरम आणि पोरगी गार, असं रोजचं चित्र.

दूध घालायला जाणारी माणसं वाटेत भेटायची. ती सोडतात होय!

"तात्या, पोरगी पळतीया का गाडी ढकलतीया?"

"आवं, तिला बसवा गाडीवर आन् तुमी पळा की जरा. देशाचं काय नुस्कान व्हनार न्हाई."

मी त्यांना हात करायचो, वस्ताद लोक करतात तसा, जरा तुसडेपणानं.

पहिल्या पंधरवड्यातच ती एकदा म्हणाली, "तात्या, आज जोरात न्हाई पळत. हळूहळू जाते, त्या पंपहाऊसपातूर आन् माघारी."

"हळू पळायला म्हशी हायत की घरात."

"आवं, दम त्यानंच वाढतो. रोज थोडं, बोलता येईल इतपत. त्यानं काळीज दमदार व्हतं. एका ठोक्याला जास्त रगत ढकलतं, मग ठोकं कमी लागत्यात. पायाच्या मांसाला बी हवा वापरायची सवय लागते. जोरात पळायचं आठवड्यातनं एकदा, लय झालं तर दोनदा. मधी इसावा."

"ह्ये कुनी सांगितलं?"

"माझी मैत्रीन हाय सांगलीला. खेळाचंच शिकतीया ती."

"ती शिकतीया! आन् हितं तीन पिढ्यांची फौज हाय घरात."

"त्या तीन पिढ्यांत तुमास्नी धरलंय का तात्या?"

यावर मी हॉर्न वाजवला. नंतर नंतर तिनं विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, पटलं तिला. 'वस्तादाचा शब्द' म्हणतात तो हाच, असंही वाटलं.

माझ्या तब्येतीचंही सांगायला हवं. तिच्यासाठी घरात अंडी उकडली जायची, खजूर आणला होता, बदाम भिजत घातलेले असायचे. सकाळी तसं जीव तोडून पळून आल्यावर तिला मळमळायचं. तिच्या तोंडात घास जायचा नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी बसायचो. बायको एक दिवस माझ्या शर्टाच्या बटणाकडं बघून म्हणाली, "भरतीला नक्की कोन चाललंय?"

सुरुवातीला मात्र फरक पडला, हे कबूल करायला पाहिजे. बसून असलेलं शरीर काहीही केलं तरी आधी थोडं पुढं जातंच. तिची वेळ सुधारली. मी टपरीवर सगळ्यांना सांगितलं, अगदी ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही. ऊस बघायला जाईन तिथं माझं भाषण सुरू. एका शेतकऱ्यानं तर हात जोडले, "तात्या, आधी माझ्या तोडीचं बघा, मग पोरगी कितीबी पळवा."

मग सुधारणं थांबलं. त्यानंतर वेळ उलटी वाढायला लागली. कालपेक्षा आज उशीर, आजपेक्षा उद्या. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी गाडीचा काटा वाढवला.

ती चिडचिडी झाली होती. झोप लागत नाही म्हणायची. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच छातीत धडधड होतेय म्हणायची. मी म्हणालो, "भरती जवळ आली की व्हतं आसं. मला बी झालं व्हतं." मग तिनं नडगीला हात लावायला सुरुवात केली. पळून झालं की कालव्याच्या कठड्यावर बसायची आणि गुडघ्याखालचं हाड बोटानं दाबत राहायची. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई." फौजीच्या घरात 'दुखतंय' हा शब्द मुलं लवकर विसरतात. आणि मी तर तिला सांगून ठेवलं होतं की दुखणं म्हणजे निमित्त असतं.

बायकोनं पाहिलं होतं. रात्रीची भांडी घासताना पोरगी एकाच पायावर भार देऊन उभी असते, असं तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, "तेल चोळ तिला." एवढं बोलून मी पेपर वाचायला घेतला. त्या दिवशी पेपरात काय होतं ते आता मला आठवत नाही, पण ते वाचून झाल्याशिवाय मान वर केली नव्हती, हे आठवतं.

साताऱ्याला आम्ही एसटीनं गेलो. मैदानाच्या बाहेर पालकांची गर्दी. कुणी भिंतीवर चढलेलं, कुणी जाळीला लोंबकळलेलं. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि ग्लुकोजची बिस्किटं. मला जाळीजवळ जागा मिळाली, कारण एवढ्या महिन्यांत माझं अंग असं भरलं होतं की मी सरकलो की दोन माणसं सरकायची. आत जाण्याआधी तिला मी शेवटचा मंत्र दिला होता, "पयल्या फेरीतच पुढं निघ. मागच्यांचं अवसान जातं." दुसरं काही मला येतच नव्हतं.

शिट्टी झाली. आणि पोरगी निघाली पुढं. मुलींचा घोळका मागं आणि ही चार हात पुढं. मी जाळी धरून ओरडत होतो. शेजारच्या एका माणसाला, अनोळखी, मी दंडाला धरून हलवलं आणि म्हणालो, "पुतनी हाय माझी. मी शिकवलंय." तो म्हणाला, "झकास पळतीया." पहिली फेरी संपली तेव्हा ती पहिली होती.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचं पाऊल बदललं. एखादा माणूस काट्यावर पाय पडल्यावर कसा टाकतो, तसा एक पाय ती उचलून टाकायला लागली. मला वाटलं बुटाची नाडी सुटली असेल. मग मागची एक मुलगी तिच्या पुढं गेली, मग दोघी, मग सगळा घोळका तिच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. ती थांबली. वाकून दोन्ही हातांनी नडगी धरली. पुन्हा सरळ झाली आणि उरलेलं अंतर चालत पूर्ण केलं. लंगडत, पण कुणाचा हात न धरता. त्या शेजारच्या माणसानं माझ्याकडं बघितलं नाही. भला माणूस असावा.

ती बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "चला. गाडीची येळ झालीया."

कराडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही, आणि मी एवढा वेळ गप्प बसलेला माझ्या आईनंही कधी बघितला नसेल. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तसा मी खिडकीतून उगाचच फलाट बघत बसलो. ती म्हणाली, "तात्या, खाली उतरून कायतरी खावा. सकाळपास्नं तुमच्या पोटात काय न्हाई." त्या वेळी तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सांगलीला हाडांचे डॉक्टर. पुतणीला हाताचा आधार देऊन मी आत नेलं, टेबलावर बसवलं, आणि धाप लागली म्हणून स्वतः भिंतीला टेकलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझ्याकडं बघून विचारलं, "पेशंट कोण?"

फोटो काढला, आणखी एक तपासणी केली. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली होती.

"किती दिवसांपासून दुखतंय?"

"दीडेक म्हयना," ती म्हणाली. पहिल्यांदा हे मी तिथं ऐकलं.

"आणि तरी रोज पळत होतीस? फास्ट? मधे सुट्टी नाही?"

"न्हाई."

"कोच कोण आहे तुझा?"

ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "हाय एक जन गावातला."

पुतणीनं मान वळवून खिडकीकडं बघितलं. माझं नाव तिनं सांगितलं नाही. डॉक्टरांनी मग त्या गावातल्या एका जणाबद्दल जे सांगितलं, ते मी मान हलवत, 'बरोबर हाय, बरोबर हाय' करत ऐकून घेतलं.

"त्या माणसाला सांगा," डॉक्टर म्हणाले, "व्यायामानं शरीर घडत नाही. व्यायामानं शरीराला निरोप जातो, की बाबा, काम वाढलंय. घडतं ते नंतर, विश्रांतीत. हृदयाला, फुप्फुसांना, रक्तवाहिन्यांना तो निरोप रोज, पण सोसेल इतका मिळाला, तर ती हळूहळू मजबूत होतात. तेच काम कमी ठोक्यांत व्हायला लागतं, दम पुरायला लागतो. पण रोज शेवटच्या श्वासापर्यंत दामटलं, की दुरुस्तीला वेळच मिळत नाही. दम वाढायच्या ऐवजी घटतो. आणि हाडं तर आणखी हळू घडतात. ती बिचारी मागंच राहतात." मग म्हणाले, "त्या कोचला एकदा स्वतः पळायला लावा म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर हे मी बायकोला सांगितलं. माझ्या पद्धतीनं, डॉक्टरांची थोडी टिंगल करतच सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमी शेतकऱ्यांस्नी काय सांगत फिरता?"

"काय?"

"पानी आलंय म्हनून रोज सोडू नका. उसाला वाफसा लागतो, मातीत वल बी पायजे आन् हवा बी. लय पानी पाजलं की रान खारवतं, वर मीठ फुटतं, मग त्यात काय बी उगवत न्हाई. आसंच सांगता न्हवं? मी पाठ केलंय ऐकून ऐकून."

कृष्णेच्या काठानं अशी मीठ फुटलेली रानं मी रोज बघतो. पांढरी पडलेली, उन्हात चमकणारी. त्यांच्या मालकांना बांधावर उभं करून मी ऐकवलं आहे, की लोभ नडला तुमाला, जमिनीला दम खाऊ दिला न्हाईसा. हेच शब्द. 'दम खाऊ दिला न्हाईसा.'

भावाचा फोन आला तेव्हा मी जरा बचावाच्या पवित्र्यात होतो. "तूच म्हनलास की तयारी करून घे."

"तयारी म्हनलो व्हतो," भाऊ म्हणाला. "रोज रगडा दिलास व्हय रं? आमच्यात नव्या रंगरूटाला बी चढत चढत नेत्यात. पयलं चालवत्यात, मग पळवत्यात. रगडा ही शिक्षा असती, गड्या." मग त्यानं विचारलं, "पाय दुखतुया का तिचा?" मी म्हटलं, कमी हाय. त्यानं फोन ठेवला. त्यानंतर या विषयावर तो माझ्याशी आजतागायत बोललेला नाही. उसाची चौकशी करतो.

निकाल लागायचा तसा लागला. तिचं नाव नव्हतं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी तिला चालायला परवानगी दिली. सपाट रस्त्यावर, थोडं थोडं. ती सकाळी निघाली तसा मी सवयीनं गाडी बाहेर काढली. ती फाटकातून वळून म्हणाली, "येनार आसला तर चालत या तात्या. न्हाईतर नका येऊ."

गाडी परत आत लावली आणि निघालो. मला वाटलं होतं, मोडक्या पायाच्या पोरीबरोबर चालायचं, त्यात काय. मी एक गोष्ट सांगायला घेतली, कारखान्यातल्या एका साहेबाची, जो उसाच्या फडात रस्ता चुकला होता. चांगली गोष्ट आहे. फडात शिरेपर्यंत मी सांगितली आणि तिथंच माझा श्वास संपला. साहेब फडात राहिला आणि मी कालव्याच्या कठड्यावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट अर्धी राहिली.

ती माझ्यासमोर उभी. "जोर नका करू," म्हणाली. "बोलता आलं पायजे. बोलता येत न्हाई म्हंजे जास्त झालं. एवढंच ध्यानात ठेवा."

पुढं रोज जायला लागलो. कुणी आग्रह केला नव्हता. खरं सांगायचं तर ती एकटी चालत जाते आणि मी घरात चहा पीत बसतो, हे मला बघवेना. दमाचं माप मी गोष्टींनी घ्यायचो. पहिल्या आठवड्यात साहेब फडातच. मग तो बाहेर आला. मग त्याच्या बायकोनं त्याला काय विचारलं तेही सांगून व्हायला लागलं, न थांबता. पंपहाऊसपर्यंत एक आख्खी गोष्ट, पुढं पुलापर्यंत दुसरी. मधे एक दिवस विश्रांती, त्या दिवशी ती मला हाकलून द्यायची, "आज न्हाई. आज हाडास्नी काम करू द्या त्यांचं." कधी पाऊस लागला, कधी तोडीची गडबड आली, तरी पुढच्या दिवशी पुन्हा. त्यात शौर्याचं काहीच नव्हतं. टपरीवर सांगण्याजोगंही नव्हतं. रोज तेच, थोडं थोडं. आणि आत कुठंतरी न बोलता काहीतरी घट्ट होत होतं.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, दुपारच्या उन्हात फड फिरून आलो तरी छाती भात्यासारखी हलत नाही. अंथरुणावर पडल्यावर कानात धडधड ऐकू येत नाही. सागरेश्वरच्या डोंगराची वाट एका रविवारी मी चढलो. मधे थांबलो, पण बसलो नाही. वर वारा होता. खाली कृष्णेच्या काठचा सगळा हिरवा पट्टा दिसत होता, आणि त्यात मधे मधे ते पांढरे डाग.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदाला लगेच दुसरं टोक फुटलं. हेच तर ती मला सांगत होती. याच शब्दांत. गाडीच्या चाकाजवळून पळत, धापा टाकत, तोंडात धूळ घेत सांगत होती, आणि मी हॉर्न वाजवत होतो. तिला हवे होते ते सहा-सात महिने मला मिळाले. माझ्यासारख्या पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाचं बोजड काळीज एवढ्यात ताळ्यावर येत असेल, तर तिच्या वयाला, तिच्या अंगाला कुठल्या कुठं पोचवलं असतं त्या महिन्यांनी. ती पोलीस झालीच असती असं मी म्हणत नाही. पण तिचा दम पुरला असता का, हे तिला तरी कळलं असतं. तेवढंही मी तिला कळू दिलं नाही.

पाय बरा झाल्यावर तिनं पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली आणि नोकरी शोधली. कुपवाडला एका कारखान्यात, यंत्राचे सुटे भाग तपासायच्या कामावर. सांगलीला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, स्कूटरवरून जाते-येते. कालव्याच्या रस्त्याला मी आता एकटाच असतो. गोष्टी सांगायला कुणी नाही, म्हणून दमाचं माप घ्यायचंही राहून जातं.

मध्यंतरी नव्या भरतीची जाहिरात निघाली. आणि टपरीवर कुणीतरी म्हणालं की या खेपेला वयाच्या अटीत सवलत देणार आहेत. मी दुसऱ्या सकाळीच एसटी धरली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. बाया डबे घेऊन झाडाखाली बसलेल्या. मला बघून ती दचकून उठली, "आवं तात्या? घरात समदं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय, बरं हाय. बस. जाहिरात आलीया. वयाची सवलत हाय म्हनत्यात."

"न्हाई तात्या. आफवा हाय ती."

"कुनी सांगितलं?"

"मीच गेलते. ऑफिसात जाऊन इचारून आले, सोमवारी."

म्हणजे ती गेली होती. मला वाटत होतं, तिनं मनातून काढून टाकलं. ती सुट्टी टाकून विचारायला गेली होती, आणि घरी कुणाला बोलली नव्हती.

मी म्हणालो, "पोरी, त्या येळी मी..."

"भाकरी खानार का? मेथी हाय. घ्या."

तिनं डब्याच्या झाकणात भाकरी-भाजी वाढून माझ्यापुढं केली. मी घास घेतला. पुढचं वाक्य तयार होतं; एसटीत बसल्यापासून घोकत आलो होतो. पण ती ते ऐकणार नव्हती, आणि मला वाटतं, ते तिच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचा मला हक्कही नव्हता. म्हणून मी बायकोनं डाळ कशी करपवली ते सांगितलं. ती हसली, हसायचं तेवढं.

"चालता का अजून?" तिनं विचारलं.

"चालतो की."

"आन् तू? पळतीस का सकाळची?"

तिनं डबा बंद केला. "येळ कुठं असतो, तात्या."

भोंगा झाला. झाडाखालच्या सगळ्या बाया उठल्या आणि उशिराची खूण पडू नये म्हणून पदर सावरत, चपला फटफटवत फाटकाकडं पळत सुटल्या. ती माझं झाकण घेऊन, पुसून, डब्याला लावून उठली. "सावकाश जावा," म्हणाली, आणि त्या पळणाऱ्या बायांच्या मागून चालत आत गेली.